अंगावरचं दूध की डबा? ॲलर्जी आणि दम्याच्या हिशेबाने

भाचीची बाळंतपणाची रजा संपत आली होती. नोकरी ऐरोलीला, घर कोपरखैरण्यात, बाळ साडेचार महिन्यांचं. फोनवर पहिलाच प्रश्न, "मावशी, आता वरचं दूध सुरू केलं तर ह्याला दमा होईल का गं?" नवऱ्याला लहानपणापासून दमा, त्यात सासूबाईंच्या ग्रुपवर आलेला मेसेज: अंगावर पिणाऱ्या मुलांना ॲलर्जी होतच नाही.

असं असतं तर माझ्या घरी उलटं घडलं नसतं. थोरला दीड वर्ष अंगावर प्यायला, उष्टावणापर्यंत पाण्याचा थेंब दिला नव्हता. तरी घोडबंदर रोडच्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये पावसाळा लागला की याची छाती वाजायला लागे. रात्री दोन वाजता नेब्युलायझरचा मास्क धरून बसायचं आणि समोरच्या भिंतीवरचा ओलीचा काळा डाग बघत राहायचं. धाकटीला तिसऱ्या महिन्यापासून डबा, म्हणजे पावडरचं दूध. तिच्या अंगावर कधी पित्तसुद्धा उठलं नाही. दोन मुलांवरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. म्हणून एकेक आजार वेगळा काढून बघू.

इसबाच्या बाबतीत अंगावरच्या दुधाचं पारडं जड आहे. बाळांची चिठ्ठ्या टाकून 'तू आईचं, तू डब्याचं' अशी वाटणी करता येत नाही. बेलारूसमध्ये १९९६-९७ साली संशोधकांनी यातून वाट काढली: चिठ्ठ्या टाकल्या त्या रुग्णालयांच्या. निम्म्या ठिकाणी आयांना पाजण्यासाठी नीट मदत दिली, बाकी ठिकाणी नेहमीसारखं चालू ठेवलं. एकूण १७,०४६ बाळं. तिसऱ्या महिन्यात निव्वळ अंगावर पिणारी बाळं एकीकडे ४३ टक्के, दुसरीकडे जेमतेम ६ टक्के. पहिल्या वर्षात इसब ३.३ टक्के विरुद्ध ६.३ टक्के. जुलाबही कमी.

दम्याचं मात्र तसं नाही. तीच मुलं साडेसहा वर्षांची झाली तेव्हा दमा आणि ॲलर्जीत फरक दिसला नाही. सोळाव्या वर्षी इसब थोडं कमी, दमा जवळपास सारखाच. न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासात तर अंगावर प्यालेल्यांमध्ये दमा जास्त निघाला. अशा अभ्यासांत एक मेख असते. ज्या घरात दमा-ॲलर्जी आहे तिथली आई धास्तीने जास्त महिने पाजते, आणि मग दोष दुधाच्या माथी येतो. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये सगळं एकत्र तपासलं. तीन-चार महिन्यांपुढे पाजल्यास पहिल्या दोन वर्षांतली घरघर कमी होते आणि जास्त काळ पाजल्याने पुढच्या दम्यापासूनही थोडं संरक्षण मिळत असावं, असा त्यांचा निष्कर्ष. पहिल्या दोन वर्षांतली घरघर बहुतेक वेळा सर्दीच्या विषाणूंची असते, आणि तिथे आईच्या दुधातल्या प्रतिपिंडांचा उपयोग होतो. त्या वयात छाती वाजली म्हणजे दमाच, असं नव्हे.

खाण्याच्या ॲलर्जीत दूध कुठलं यापेक्षा उष्टावणानंतर काय भरवता याला जास्त वजन आहे. लंडनमध्ये ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या ६४० बाळांवर प्रयोग झाला, निकाल २०१५ साली आला. शेंगदाणा टाळलेल्यांपैकी पाचव्या वर्षी साधारण १७ टक्क्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी होती. वर्षाच्या आतच खायला लागलेल्यांत ३ टक्क्यांना. आपल्याकडे कूट घरात असतोच. अगदी मऊ वाटून पेजेत कालवायचा, अख्खा दाणा नाही. बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. बाळाला ॲलर्जी होऊ नये म्हणून बाळंतिणीने दूध, अंडी, शेंगदाणे सोडण्यात अर्थ नाही. आधीच काय कमी पथ्यं असतात! बाळाला गाईच्या दुधाची ॲलर्जी आहे असं निदान झालंच, तर गोष्ट वेगळी.

रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते, त्या आजारांचं चित्र अर्धवट आहे. टाइप १ मधुमेह आणि आतड्यांचे दाहाचे आजार अंगावर प्यालेल्यांत कमी आढळतात, पण हे निरीक्षण आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. गहू सोसत नाही अशा सिलिॲक आजारात २०१४ च्या दोन युरोपीय अभ्यासांत पाजण्याचा फायदा दिसला नाही. हे आजार मुळात विरळ, त्यामुळे एका घरासाठी फरक छोटाच.

राहिला दुकानातला महागडा 'ॲलर्जी टाळणारा' डबा. दुधातली प्रथिनं आधीच तोडलेली असतात, म्हणे. ॲलर्जी टाळण्यासाठी तो घ्यावा असा भक्कम पुरावा नाही. टाइप १ मधुमेहासाठी १५ देशांतल्या २,१५९ बाळांवर तशीच पावडर तपासली, २०१८ मध्ये निकाल आला: साध्या पावडरीइतकाच धोका. ते पैसे मी ओल काढायला घालेन.

भाचीला मी सांगितलं ते असं. जमतंय तोवर पाज, पण ते जुलाब, सर्दी-खोकला आणि इसबासाठी. दम्याचा विमा म्हणून नको. सहा महिन्यांपर्यंत निव्वळ अंगावरचं जमलं तर उत्तमच. नाहीच जमलं आणि दुपारची एक बाटली पावडरची गेली, तर दम्याच्या नावाने रडत बसू नकोस. नवऱ्याची गॅलरीतली सिगारेट आणि रात्रीची डासांची कॉइल मात्र आजच बंद कर.

कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज कामाच्या वेळेत पाजायला दोन जादा मधल्या सुट्ट्या मिळतात, हे तिला ठाऊक नव्हतं. आता ती त्या वेळात दूध काढते आणि लगेच ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवते, कारण आपल्याकडच्या उकाड्यात बाहेर ठेवून चालत नाही. बाटलीवर तारीख आणि वेळ लिहिलेली, चार दिवसांच्या आत संपवायची. पहिल्या आठवड्यात घरी येऊन सांगितलं, "पंप आणलाय." तर नवऱ्याला वाटलं, त्याचा दम्याचा.