कथेतली सराय: गावच्या चौकात की फाट्यावर?

जादुई जगातली गोष्ट लिहायला घेतली की पहिला मुक्काम हमखास सरायीतच पडतो. मग ती गावात ठेवायची की बाहेर फाट्यावर, इथे घोडं अडतं.

मेहनत बघायची तर फाट्यावरची सराय स्वस्तात पडते. लादलेल्या जनावरांचा तांडा दिवसाला साधारण ३० ते ४० किलोमीटर जायचा आणि पूर्वीच्या कारवाँसरायाही साधारण तेवढ्याच अंतरावर असत. हा हिशोब उचलला की जागा आपसूक ठरते. व्यापारी, पळून आलेला राजपुत्र, जखमी ड्रॅगन-शिकारी, कुणीही दार ठोठावलं तरी कारण शोधावं लागत नाही. गावातल्या सरायीत मात्र प्रत्येक अनोळखी माणसाकडे सगळे वळून बघतात, आणि लेखकाला उत्तर द्यावं लागतं.

पण आपुलकी? तिथे गावातली सराय कितीतरी पुढे. चुलीजवळचं बाक म्हाताऱ्या लोहाराचं, हे सगळ्यांना ठाऊक. दारामागे कमरेच्या उंचीवर एक वेगळी खुंटी, बुटक्या खाणकामगारांच्या टोप्यांसाठी. मालकीण नाव विचारायच्या आधी गरम वाडगा पुढे सरकवते. असलं फाट्यावर जमवायला गेलं की खोटं वाटतं. तिथे आधी पैसे मोजून घेतात.

टिकण्याचं म्हणाल तर फाट्यावरची एका प्रकरणात संपते, गावातली पुन्हा पुन्हा उपयोगी पडते.

प्रवासकथा किंवा छोटी कथा असेल तर फाटा घ्या. पात्रं परत परत घरी येणार असतील, तर चौकच.