मास इफेक्ट लेजेंडरी एडिशन: सात महिने, दोन फेऱ्या आणि डॉक्टर मॉर्डिनची रिकामी जागा

मार्चमध्ये होळीच्या सुट्टीत, सेल लागला होता तेव्हा घेतलेला हा गेम ऑक्टोबरमध्ये दुसऱ्यांदा संपवला. घड्याळात २१४ तास दिसतात. ग्राफिक्स आणि नेमबाजीवर लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून त्यावर थोडक्यात सांगते. २००७ च्या पहिल्या भागातली बंदूक चालवण्याची पद्धत २०२१ च्या या एडिशनमध्ये चांगलीच सुधारली आहे, आणि ग्रहांवर फिरायची माको गाडी आता हाताला येते. नागपूरच्या मे महिन्यात मात्र कूलर सुरू असूनही दुपारी पीसी लावायची हिंमत झाली नाही. जेवणं आटोपली की रात्री दहानंतर खेळायचे.

मला लिहायचं आहे ते शेपर्डच्या तुकडीबद्दल.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी: कमांडर शेपर्ड, नॉर्मंडी नावाचं अवकाशातलं युद्धजहाज आणि त्यावर जमत जाणारे माणूस-परग्रही मिळून वेगवेगळ्या जातींचे सैनिक. या एडिशनमध्ये एकूण तीन भाग आहेत, २००७, २०१० आणि २०१२ चे. एका भागात सेव्ह केलेला खेळ पुढच्या भागात जातो, त्यामुळे पहिल्या भागात कोण मेलं, कोण दुखावलं, हे तिसऱ्यात तुमच्यासमोर उभं राहतं. मी स्त्री शेपर्ड घेतली. जेनिफर हेलचा आवाज आहे, आणि तो थकलेला, ठाम आवाज अजून कानात आहे.

मे महिन्यात कामठीचे मामा गुडघ्याच्या उपचारासाठी महिनाभर आमच्याकडे होते. सैन्यात होते, शेवटची वर्षं कामठीच्याच गार्ड्स रेजिमेंटल सेंटरला. रात्री झोप लागत नसे म्हणून माझ्या मागे खुर्ची टाकून बसायचे. इंग्रजी सबटायटल्स वाचायच्या भानगडीत ते पडले नाहीत, मध्ये मध्ये मलाच विचारत. दुसऱ्या भागात गॅरस नावाचा ट्युरियन जातीचा परग्रही आहे. त्याच्याशी बोलायला गेलं की बहुतेक वेळा तो जहाजाच्या तोफांचं कॅलिब्रेशन करत असतो आणि नंतर ये म्हणतो. गेम खेळणाऱ्यांमध्ये हा इतक्या वर्षांचा विनोद आहे, मीही हसायचे. मामांनी विचारलं, "हा पोट्टा काहून सारखा त्या तोफेपाशीच राह्यते?"

मी सांगितलं, याने ओमेगा नावाच्या ठिकाणी स्वतःची तुकडी उभी केली होती, त्यातल्याच एकाने दगा दिला आणि दहा साथीदार मारले गेले.

"मंग बरोबर आहे," मामा म्हणाले. "माणसं गेली ना त्याची. तोफ कुठं मरते?"

त्यानंतर गॅरसचं ते वाक्य ऐकून मला कधी हसू आलं नाही. लेखकांनी तसं ठरवून लिहिलं असेल की संवाद संपले म्हणून तेच वाक्य पुन्हा लावलं असेल, ते मला ठरवता येत नाही. पण पात्राच्या मागे तेवढी गोष्ट उभी होती म्हणूनच मामांना ते दिसलं. मामा स्वतः नोकरीतल्या गोष्टी सांगतात तेव्हा लढाईबद्दल फार कमी बोलतात. कोण झोपेत बरळायचा, कोण घरचं पत्र चार-चार दिवस न उघडता खिशात ठेवायचा, हेच सांगतात.

पहिला भाग या बाबतीत कच्चा आहे. जहाजावर प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात खांबासारखा उभा असतो. तुम्ही जायचं, विचारायचं, त्याने आपल्या जातीचा इतिहास सांगायचा. ॲशली या माणूस सैनिकाचं सांगणं त्यातल्या त्यात आतलं आहे. तिच्या आजोबांनी शान्शी या वसाहतीत शत्रूपुढे शस्त्रं खाली ठेवली आणि तो डाग नातीच्या बढतीपर्यंत पुरला. परग्रहींवरचा तिचा अविश्वास त्या घरातून आलेला आहे, तो पटत नसला तरी समजतो. बाकी पहिल्या भागात तुकडी जिवंत होते ती लिफ्टमध्ये. सिटाडेल या अवकाशस्थानकाच्या त्या लांबलचक लिफ्टमध्ये सोबतचे दोघे एकमेकांशी बोलतात, तुमच्याशी नाही. या एडिशनमध्ये लिफ्टचा वेळ कमी झाला आहे आणि बटण दाबून लवकर बाहेरही पडता येतं. माझं ऐका, दाबू नका. दुसऱ्या भागात गॅरस टाली या जुन्या साथीदाराला विचारतो, आपल्या लिफ्टमधल्या गप्पांची आठवण येते का, आणि ती सरळ नाही म्हणते. एवढ्याशा गोष्टीत त्यांची जुनी ओळख कळून जाते.

आता मॉर्डिन. हे सगळं लिहायला बसले ते त्याच्यामुळे.

क्रोगन ही लढवय्यी जात. त्यांची संख्या आवरावी म्हणून सॅलॅरियन जातीच्या शास्त्रज्ञांनी जेनोफेज नावाचा रोग तयार केला होता. त्यामुळे हजार गर्भांतून एखादंच मूल जिवंत जन्मतं. पुढे क्रोगनांचं शरीर त्याला सरावू लागलं, तेव्हा तो रोग सुधारून पुन्हा सोडणाऱ्यांत डॉ. मॉर्डिन सोलस होता. सॅलॅरियन चाळीसेक वर्षंच जगतात. मॉर्डिन भरभर बोलतो, वाक्यातले शब्द गाळतो, काम करताना गाणं म्हणतो. जेनोफेजचा विषय निघाला की हिशेब मांडतो: इतकी युद्धं टळली, इतके जीव वाचले. त्याचा हिशेब खोडून काढणं अवघड आहे. मग त्याच्या खास मोहिमेत तुचांका या क्रोगनांच्या ग्रहावरच्या एका पडक्या इस्पितळात तो एका क्रोगन स्त्रीच्या प्रेतापाशी थांबतो. मूल व्हावं म्हणून तिने स्वतःहून प्रयोगासाठी शरीर दिलं होतं. तिथे त्याची भरभर थांबते. तो तिच्यासाठी प्रार्थना करतो. चूक झाली असं तेव्हाही म्हणत नाही, पण तुम्हाला कळतं की हिशेब हलला आहे.

पहिल्या फेरीत माझ्या हातून तो गेला. दुसऱ्या भागाच्या शेवटच्या मोहिमेत दोघांना सोबत घेऊन पुढे जायचं असतं आणि उरलेल्यांनी मागे दार लावून धरायचं असतं. मी सर्वांत दणकट म्हणून गॅरस आणि ग्रंट यांना सोबत नेलं. मागे राहिलेल्यांचं एकत्रित बळ कमी पडलं तर गेम माणसं मारतो, आणि त्या यादीत पहिलं नाव मॉर्डिनचं असतं. मामा म्हणाले, "तगडे गडी मागं ठेवाचे असते बाई. पाठ कोण राखन?" सेव्ह होता, मागे जाता आलं असतं. मामा बघत होते, मला ते बरं वाटेना. तशीच पुढे गेले.

तिसऱ्या भागात मॉर्डिनच्या जागी पॅडॉक विक्स येतो. तोही सॅलॅरियन शास्त्रज्ञ, श्रद्धाळू, शांत. जेनोफेज ही चूकच होती असं त्याला मुळापासून वाटतं. शेवटी जेनोफेजवरचा उपाय सोडण्यासाठी तोच जळत्या मनोऱ्यावर चढतो आणि मरतो. प्रसंग चांगला आहे, मला वाईटही वाटलं. झोप मात्र नेहमीसारखी लागली.

दुसऱ्या फेरीत मी दार राखायला गॅरसला मागे ठेवलं आणि सुटलेल्या खलाशांना परत न्यायला मॉर्डिनला पाठवलं. तो जगला. तिसऱ्या भागात त्याच मनोऱ्याच्या पायथ्याशी तो उभा राहिला. त्याला अडवून थोडं डिवचलं की तो ओरडून कबूल करतो की त्याची चूक झाली. मग लिफ्टने वर जातो, तेच गाणं गुणगुणत, आणि गाणं अर्ध्यात तुटतं.

दोन्ही वेळा मनोरा तोच, आग तीच, शेवट तोच. पण पॅडॉकचे हात स्वच्छ होते. पाप ज्याने केलं तो पहिल्या फेरीत वर चढलाच नव्हता, आणि ते मला दुसऱ्यांदा खेळल्यावर कळलं. मी कंट्रोलर ठेवून गच्चीत जाऊन उभी राहिले. दुसऱ्या दिवशी कामठीला फोन करून मामांना सांगितलं, डॉक्टर वाचला होता, तरी गेला. मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्या वेळी काम पुरं करून गेला ना पण."

मॉर्डिनला मनोऱ्यावर जाण्यापासून वळवता येतं, पण त्यासाठी पहिल्या भागात रेक्स हा क्रोगन साथीदार मेलेला असावा लागतो आणि तिसऱ्या भागातली एक क्रोगन स्त्री, जिला सगळे ईव्ह म्हणतात, तीही दगावलेली असावी लागते. म्हणजे क्रोगनांपाशी समंजस नेता उरला नाही तरच मॉर्डिन ऐकतो. एका पात्राचं जगणं दुसऱ्या दोघांच्या असण्यावर असं बांधलेलं मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये अजून पाहिलेलं नाही. त्याला पाठीत गोळी घालायचाही पर्याय आहे. तो मी निवडला नाही, पुढेही निवडणार नाही.

सगळी तुकडी या तोलाची नाही. जेकब दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांत मिळून फारसा उघडत नाही. वडिलांची गोष्ट हाती होती, ती एका मोहिमेत उरकली. कासुमी आणि झईद यांच्याशी जहाजावर नीट संवादच होत नाही, ते एकतर्फीच बोलतात. झईदचा वाया गेलेला आवाज मला फार खटकला. जॅक मात्र बघाच. तुरुंगातून आलेली, कुणालाही हात लावू न देणारी मुलगी तिसऱ्या भागात पोरांची शिक्षिका झालेली दिसते, आणि ते कुठेही खोटं वाटत नाही.

मध्ये हवापालट म्हणून २००५ चा स्टार वॉर्स: रिपब्लिक कमांडो खेळले. तिथे चौघेच, बोलणं फक्त लढता लढता. तरी शेवटी सेव्ह नावाच्या साथीदाराचा संपर्क तुटतो आणि बाकीच्यांना त्याला सोडून निघावं लागतं, तेव्हा घशाशी येतं. म्हणजे फार तास हवेतच असं नाही.

घेणार असाल तर तिन्ही भाग एकाच शेपर्डने खेळा आणि दुसऱ्या भागात प्रत्येकाची खास मोहीम करूनच शेवटाकडे जा. सेव्ह जपून ठेवा. माझी तिसरी फेरी सुरू झाली आहे. पहिल्या भागात व्हर्मायर ग्रहावर कायडन आणि ॲशली या दोन साथीदारांपैकी एकालाच वाचवता येतं. आधी दोन्ही वेळा कायडनला वाचवलं होतं, यंदा ॲशलीला. ती आता सिटाडेलच्या हुएर्टा मेमोरियल इस्पितळात पडून आहे, आणि प्रत्येक मोहिमेनंतर मी आधी तिला भेटायला जाते.