माल्टसाठी तापमान कंट्रोलर: थंडीपासून मेपर्यंत वापरल्यावर

आधीच सांगतो, मी बिअर करत नाही. मध्य प्रदेशात लायसनशिवाय ती घरी करणं 1915 च्या अबकारी कायद्यात बसत नाही, त्यामुळे आमचं काम यीस्टच्या अलीकडेच थांबतं. जवाला मोड आणायचे, वाळवायचे (हाच माल्ट), घरघंटीवर जाडसर भरडायचे, गरम पाण्यात धरायचे आणि गाळलेला गोड रस आटवून पाक करायचा. तो पावात जातो, पोरांच्या दुधात जातो. पण भिजलेला भरडा तासभर एकाच तापमानावर धरून ठेवायचा, ही बिअरवाल्यांची डोकेदुखी आम्हालाही आहेच.

कारण खेळ पाच-सात अंशांचाच आहे. मोड आलेल्या जवात स्टार्चची साखर करणारी दोन एन्झाइम असतात. त्यातलं बीटा अमायलेज 60 ते 65 अंशांवर जोरात काम करतं आणि माल्टोज, म्हणजे गोडवा, देतं. सत्तरीपुढे ते फार टिकत नाही. दुसऱ्याला, अल्फा अमायलेजला, 68 ते 72 मानवतं, पण त्याने रस दाट होतो, गोडी कमी. मी 66 धरतो.

यासाठी घेतलं ते साधं डिजिटल कंट्रोलर: एक प्रोब (तापमान मोजणारी वायरची सळई), एक रिले (शेगडीचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच), तापमान खाली गेलं की चालू, वर गेलं की बंद. हजाराच्या आत मिळालं. विकणाऱ्याने 'कुठल्याही शेगडीला चालेल' म्हणून सांगितलं होतं, ते खरं नाही. टच बटणांच्या इंडक्शनचा करंट एकदा तुटला की परत आल्यावर ती आपोआप सुरू होत नाही, कंट्रोलर बिचारा टकटक करत बसतो. गोल बटण फिरवायची कॉइलची शेगडीच हवी. माझी 1000 वॅटची आहे. रिले 10 अँपिअरचा असला तरी 2000 वॅट त्याच्यावर रोज लादू नये.

सगळ्यात मोठा फरक पडला तो प्रोबच्या जागेने. प्रोब भरड्यात खुपसला की त्याला ऊब उशिरा कळते. तोवर शेगडी पेटलेलीच, आणि बंद झाल्यावरही तापलेली कॉइल खालून उष्णता देतच राहते. आकडा 66 दाखवतो आणि पातेल्याचा तळ सत्तरीपार. म्हणून मी दुहेरी भांडं केलं: मोठ्या टोपात पाणी, त्यात स्टँडवर भरड्याचं पातेलं, आणि प्रोब बाहेरच्या पाण्यात, तळापासून चार बोटं वर. पाणी 67 वर ठेवलं की आतला भरडा 66 च्या आसपास राहतो, फक्त दर दहा मिनिटांनी पळीने तळापर्यंत हलवायचा. वर झाकण, त्यावर जुनी गोधडी. गोधडीचं काम कंट्रोलरपेक्षा फार कमी नाही, हे बायकोचं मत आता मलाही पटतं.

आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. माझं यंत्र बर्फाच्या चुऱ्यात दीड अंश कमी दाखवत होतं. सेटिंगमध्ये दुरुस्ती करता येते, ती केली. उकळत्या पाण्यात तपासणार असाल तर 100 ची वाट बघू नका. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे पाणी 98 लाच उकळतं.

आणखी एक गोष्ट कुठल्याच यंत्राला कळत नाही: भरड्याचं स्वतःचं तापमान. किलोला तीन लिटर पाणी या हिशेबाने जानेवारीत, धान्य 15 अंशांवर असताना, पाणी 73 ला ओततो. मेमध्ये धान्यच 38 ला असतं, तेव्हा 70 पुरे होतं. पातेलं आधी गरम पाण्याने खंगाळून घेतलं तरच हा हिशेब जुळतो.

झालं की नाही ते चव घेऊन ठरवू नका. पांढऱ्या बशीत रसाचे दोन थेंब गार करून त्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब. निळा-काळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे. चहासारखा तपकिरीच राहिला तर गाळायला हरकत नाही. आयोडीनचा तो रस फेकायचा, परत पातेल्यात नाही.

कुरकुर एकच. प्रोबची वायर जिथे स्टीलच्या टोकात शिरते तिथे वाफेने पाणी जातं आणि आकडे उड्या मारू लागतात. नवी प्रोब जेल रोडवर मिळाली. आता तो सांधा पाण्याबाहेर ठेवतो. लाईट जाऊन आली तर सेटिंग तसंच राहतं, हे मात्र छान.

अर्धा किलो भरडाच करायचा असेल तर हे घेऊ नका. चांगला थर्मास कॅसरोल आणि दूध तपासायचा थर्मामीटर, एवढ्यात तासभर दोन अंशांच्या आत निभावतं. दोन किलोच्या वर गेलात की घ्या, आणि सोबत दुसरी प्रोब घेऊन ठेवा.