शिमानो जीआरएक्स ४०० : नाशिकच्या मुरुमावर काय पुरतं, काय बदलावं

निकाल आधीच सांगून टाकू. गंगापूर धरणापासून त्र्यंबक-हरसूलपर्यंतच्या डोंगराळ पट्ट्यात ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खडी-मुरुमाच्या कच्च्या वाटांसाठीची रुंद टायरची सायकल, चालवायची असेल, तर शिमानोचा जीआरएक्स ४०० हा दहा गिअरचा सेट (गिअर आणि ब्रेकचा संच) पुरतो. वरच्या सेटसाठी बाजूला काढलेले पैसे टायरवर घाला. फक्त सेट दुकानातून येतो तसाच ठेवू नका. मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा, आणि ब्रेकचे पॅड इथल्या चढांना आणि इथल्या पावसाला पुरेसे नाहीत.

जीआरएक्स ही शिमानोची खास ग्रॅव्हलसाठीची मालिका २०१९ मध्ये आली. ४०० ही तिची सगळ्यात खालची पायरी: पुढे पायडलजवळ दोन चेनरिंग (मोठ्या दातेरी चकत्या), मागे दहा दातेरी चकत्या, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. २०२३ मध्ये याच मालिकेत बारा गिअरचे सेट आले आणि दहा गिअर म्हटलं की लोक नाक मुरडू लागले. नाक मुरडायचं कारण नाही. दहाची चेन आणि कॅसेट स्वस्त पडते, आणि मुरुमाच्या धुळीत या दोन्ही गोष्टी बदलाव्या लागतातच.

घेताना एक गोष्ट मात्र नीट बघा. ४०० ला स्वतःचा क्रँक, म्हणजे चेनरिंगसकट पायडलचे दांडे, नाही. त्याच्याबरोबर ६०० मालिकेतला दहा गिअरसाठीचा ४६/३० दात्यांचा क्रँक येतो. काही सायकलींमध्ये खर्च वाचवायला तिथे दुसऱ्याच कंपनीचा क्रँक बसवलेला असतो, आणि माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत ‘जीआरएक्स’ एवढंच असतं. लहान चेनरिंगवरचा आकडा वाचा. तिथे ३४ दिसला, तर ती रस्त्यावरच्या सायकलीची गिअरिंग आहे. अंजनेरीच्या पायथ्यापर्यंत ठीक, पुढे मांड्या सांगतील.

आकड्यांतच बोलू. ४० मिलिमीटरच्या टायरचं चाक एका फेरीत साधारण २.२ मीटर जातं. ३० चं चेनरिंग आणि मागे ३४, तर पायडलच्या एका फेरीत १.९४ मीटर, मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी ७ किलोमीटर. माणूस, सायकल आणि पाणी मिळून ८५ किलो वजन धरलं, तर १२ टक्क्यांच्या मुरमाड चढावर एवढ्या वेगाला अंदाजे २२० वॅट लागतात. रस्त्याच्या सायकलीवरच्या ३४ ला ३२ या जोडीत तोच चढ त्याच लयीत चढायला २६५ च्या आसपास. २२० वॅट अर्धा तास देणारेही आपल्याकडे मोजकेच, २६५ ची गोष्टच सोडा. मुरुमावर उभं राहून पायडल मारायचीही सोय नसते. वजन पुढे गेलं की मागचं चाक सुटतं आणि खडी उडवत जागच्या जागी फिरतं. म्हणून बसूनच चढता येईल एवढा हलका गिअर ही इथे चैन नाही.

सेटबरोबर बहुतेक वेळा ११-३४ ची कॅसेट येते. ती काढून ११-३६ लावा. ४०० चा मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ३६ दात्यांपर्यंत चालतो, हे शिमानोच्याच मापात बसतं, जुगाड नाही. ११-३४ मध्ये चकत्या ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २६, ३०, ३४ अशा आहेत. शिमानोच्याच एचजी ५० या कॅसेटच्या ११-३६ मध्ये २१ पर्यंत सगळं तेच, पुढे २४, २८, ३२, ३६. म्हणजे सपाटीवर वापरायचे गिअर जिथल्या तिथे राहतात, फक्त चढाचे चार बदलतात. ताशी ७ चा वेग ६.६ वर येतो आणि वॅट साधारण ६ टक्क्यांनी उतरतात. ऐकायला थोडं वाटतं. तासाभराच्या चढानंतर थोडं वाटत नाही.

कॅसेट बदलताना दोन चुका हमखास होतात. पहिली, जुनीच चेन ठेवणं. ३६ वर जुन्या मापाची चेन आखूड पडू शकते आणि पुढे मोठं, मागे मोठं अशी जोडी चुकून लागली तर डिरेलर ताणून मोडतो. चेन डिरेलरमधून न ओवता मोठ्या-मोठ्यावर गुंडाळून माप घ्या आणि वर दोन कड्या ठेवा. दुसरी, बी-स्क्रू, म्हणजे डिरेलर कॅसेटपासून किती लांब राहील ते ठरवणारा स्क्रू, तसाच ठेवणं. डिरेलरचं वरचं छोटं चाक ३६ च्या दात्यांना घासू लागतं आणि खरखर येते. स्क्रू आत घेत जा, घासणं थांबलं की पुरे. जास्त आत घेतला तर बाकीचे गिअर ढिले पडतात.

डिरेलरमध्ये क्लच, म्हणजे चेन ताणून धरणारी यंत्रणा, आहे, आणि रोड सेट सोडून जीआरएक्स घेण्याचं खरं कारण हेच. खडखडीत उतारावर चेन फ्रेमवर आपटत नाही, चेनरिंगवरून उतरत नाही. बाजूला छोटा दांडा असतो, वर-खाली करून क्लच चालू-बंद होतो. मागचं चाक काढताना तो बंद करायचा, बसवल्यावर परत चालू. हे विसरणं इतकं सर्रास आहे की ‘चेन उडते’ अशी तक्रार घेऊन आलेल्या सायकलीचा आधी दांडा बघावा, मग बाकीचं. पावसाळ्यात पाणी आणि गाळ आत जाऊन क्लच घट्ट होतो. मग डिरेलरचा पिंजरा परत यायला उशीर लावतो, चेन खाली लोंबते. त्यावर प्रेशर वॉशरने सायकल धुणं हा सगळ्यात वाईट उपाय. गाळ बाहेर येत नाही, आणखी आत जातो. बादली, ब्रश आणि साधं पाणी.

सुटे भाग घेताना जुळवणीचा घोळ टाळा. ४०० चे लिव्हर आणि डिरेलर केबल किती ओढतात ते शिमानोच्या टिआग्रा ४७०० या रोड सेटशी जुळतं. ‘दहा गिअरचं आहे ना, चालेल’ म्हणून जुन्या टिआग्रा ४६०० चा किंवा एमटीबीचा (माउंटन बाइकचा) दहा गिअरचा डिरेलर लावला, तर गिअर कधीच जागेवर बसणार नाहीत, कितीही ट्यूनिंग करा. पुढचा डिरेलरही जीआरएक्सचाच हवा, कारण रुंद टायरला जागा मिळावी म्हणून या मालिकेत चेनरिंग रोडपेक्षा २.५ मिलिमीटर बाहेर आहेत.

ब्रेक उत्तम. लिव्हर बोटात बसतो, एका बोटाने सायकल थांबते. तेल शिमानोचं मिनरल ऑइलच; डॉट फ्लुइड (दुसऱ्या प्रकारचं ब्रेक ऑइल) भरलं की सील फुगतात आणि लिव्हर बदलावा लागतो. पॅड रेझिनचे येतात. कोरड्यात ते गप्प आणि मऊ चालतात. पण पहिने गावाकडच्या पावसात, ओल्या मुरुमाची काळी पेस्ट रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) बसली की रेझिनचे पॅड झपाट्याने झिजतात. जून ते सप्टेंबर मेटल पॅड लावा. आवाज करतील, करू द्या. त्याआधी रोटरवर काय लिहिलंय ते वाचा: स्वस्त रोटरवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं छापलेलं असतं आणि त्यावर मेटल पॅड चालत नाहीत, रोटर खाऊन टाकतात. पॅडचा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की बदलायचे. नवे पॅड घातल्यावर मोकळ्या रस्त्यावर वीसेक वेळा वेग घेऊन, पूर्ण न थांबता, हळूहळू ब्रेक दाबून ते बसवून घ्या; नाहीतर काचेसारखे चकाकतात आणि धरत नाहीत.

आता टायर, कारण वाचलेले पैसे इथे जायचे आहेत. ४० मिलिमीटरपेक्षा कमी घेऊ नका, फ्रेममध्ये बसत असेल तर ४३-४५ घ्या. मध्ये बारीक नक्षी, कडेला थोडे दात. मोठ्या दातांचा टायर इथे वाया जातो: कोरड्या मुरुमावर त्याचा उपयोग नाही आणि काळ्या चिखलात दोन फेऱ्यांत त्याचे दात भरून तो गुळगुळीत होतो. चिखल फोर्कमध्ये अडकला की उतरून काडीने खरवडायचं, दुसरा इलाज नाही.

ट्यूबलेस करणं, म्हणजे आत ट्यूब न ठेवणं, मात्र जवळपास सक्तीचं समजा. कारण दगड नव्हे, काटे. बाभळीचा काटा आणि सराटा. पावसाळा सरला की वाटेच्या कडेला सराटे वाळतात, आणि वाडीच्या वाटेवर सायकल कडेला घेतली की एका टायरमध्ये चार-पाच बसतात. ट्यूब असेल तर तो दिवस पंक्चर काढण्यातच जातो. ट्यूबलेसमध्ये दर टायरला ६० ते ८० मिलीलीटर सीलंट (भोक बुजवणारं द्रव) घाला. सराटा दिसला तरी रस्त्यात उपटू नका. तोच बुचासारखं काम करत असतो. घरी आल्यावर काढा, भोक खाली ठेवून चाक फिरवा, सीलंट भरेल. सीलंट दोन-तीन महिने टिकतं असं बाटल्यांवर असतं, पण एप्रिल-मे च्या उन्हात सायकल गच्चीवर किंवा पत्र्याखाली असेल तर महिना-दीड महिन्यात सुकून आत रबराची पापडी बनते. व्हॉल्व्हचा कोर काढून बारीक काडी आत घाला. ओली आली नाही तर भरा.

हवा किती, यावर सगळ्यात जास्त चुका होतात. दुकानात ६० पीएसआय भरून देतात आणि सायकल खडीवर उड्या मारते. मग माणूस सस्पेन्शनच्या जाहिराती बघतो. ७० ते ७५ किलोच्या स्वाराला ४० च्या ट्यूबलेस टायरमध्ये पुढे ३० ते ३२ आणि मागे ३४ ते ३६ पुरे. वजन पाच किलोने वाढलं की दोन्हीकडे दीड-दोनने वाढवा. रिम दगडावर ठक्कन वाजली तर दोनने वाढवा, वळणावर टायर कडेला लोळल्यासारखा वाटला तरीही. फूटपंपावरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, त्या कमी दाबात तो अंदाजपंचेच दाखवतो. वेगळा डिजिटल गेज घ्या.

हे सगळं जोडून नेमकं जायचं कुठे? सरळ सुरुवात म्हणजे त्र्यंबक रस्त्याने अंजनेरी, शहरापासून वीसेक किलोमीटर. गावाजवळ यादवकाळातल्या जैन आणि हिंदू देवळांचे काळ्या दगडातले अवशेष विखुरलेले आहेत. बाराव्या शतकातला एक शिलालेखही तिथे आहे. देवळांच्या आसपासच्या गाववाटांवर सायकल हळू आणि दगडी जोत्यांपासून लांब. वर डोंगर संवर्धन राखीव क्षेत्र आहे, कंदीलपुष्पाची एक जात इथलीच म्हणून ओळखली जाते. तिथे चाक वाटेबाहेर घालायचंच नाही. लांबचा दिवस हवा असेल तर गिरणारे, धोंडेगाव, वाघेरा करत हरसूल. मुख्य रस्ता डांबरी आहे, मजा त्याला फुटणाऱ्या पाड्यांच्या वाटांवर, आणि ११-३६ ची किंमत वसूल होते तीही तिथेच. पाणी दोन बाटल्या नव्हे, तीन. तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबककडे सायकल नेऊच नका. ब्रह्मगिरीच्या फेरीला पायी निघालेल्या लोकांनी सगळ्या वाटा भरलेल्या असतात.

द्राक्षबागांच्या बाजूला, म्हणजे मखमलाबाद-दिंडोरीकडे, वेगळा धोका आहे: मांडवाच्या तारेचे तुकडे. ते सीलंटने भरत नाहीत. प्लगचं किट (भोकात खुपसायच्या रबरी पट्ट्या) आणि एक ट्यूब सोबत ठेवाच.

चेनला मुरूम आणि तेल मिळून जी काळी लापशी होते ती दात खाते. तेल थेंबाथेंबाने, रात्री घालून सकाळी पुसून काढायचं. चेन बोटाला कोरडी लागली पाहिजे. चेनची झीज मोजणाऱ्या चेक टूलवर ०.५ दाखवलं की चेन बदला, ०.७५ पर्यंत थांबलात तर कॅसेटही जायला लागते.

आणि हँगर. मागचा डिरेलर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतो तो शिमानोचा नसतो, तुमच्या फ्रेमचा असतो, आणि प्रत्येक फ्रेमचा वेगळा. सायकल उजव्या अंगावर पडली की आधी तोच वाकतो. ऐनवेळी कुठल्याही दुकानात मिळेल ही आशा सोडा. सायकल घेतानाच दोन मागून घ्या. एक घरी, एक सीटखालच्या पिशवीत, बसवायच्या स्क्रूसकट.