आडोशाला गेला की हाक ऐकत नाही : आठ महिने ड्रोन उडवल्यावर

गेल्या दिवाळीत २४९ ग्रॅमचा लहान ड्रोन घेतला. माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. बहुतेक कामं खानापूर तालुक्यात, थोडी बेळगावात, वर्षातून एखादं निपाणीकडं. आता पाऊस लागलाय, ड्रोन पेटीत आणि बॅटऱ्या साठेक टक्के चार्ज करून कपाटात आहेत. तेव्हा लिहायला सवड मिळाली.

कॅमेऱ्याबद्दल फार सांगत नाही. दिवसा चित्र झकास, दिवे लागल्यावर दाणेदार, या आकाराला एवढंच मिळणार. खोक्यावर अर्धा तास लिहिलंय, मला बावीस-तेवीस मिनिटं मिळतात. वजन २५० ग्रॅमच्या आत, म्हणजे नॅनो वर्ग, त्यामुळे पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. घेण्यामागचं खरं कारण तेच.

लिहायचंय ते सिग्नलबद्दल. दुकानदारानं छातीठोक सांगितलं होतं, "दहा किलोमीटर जातो, अण्णा." खोक्यावरही तेच. पण त्याखाली मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं असतं की हा आकडा मोकळ्या, अडथळा नसलेल्या जागेतला आहे. आमच्याकडं मोकळी जागा म्हणजे काय? खानापूरच्या पश्चिमेला झाडी, पूर्वेला ऊस, शहरात चार-चार मजल्यांच्या स्लॅब. एवढासा ड्रोन चारशे मीटरवर डोळ्यांनाच दिसेनासा होतो, आणि तो नजरेसमोर ठेवूनच उडवायचा असतो. म्हणून मी तेवढ्याच्या पुढं कधी नेलाच नाही. आणि तरीही सिग्नल गेला. सगळ्यात जवळून गेला तो दीडशे मीटरवरून.

ती पहिलीच वरात होती. कार्यालयाच्या मागं पाण्याची उंच टाकी. घोडा, बँड आणि मागं टाकी असा गोल फेरा मारायचा म्हणून ड्रोन टाकीच्या पलीकडं नेला आणि पडद्यावरचं चित्र थिजलं. माझे हातपाय गार. नवरीचा भाऊ शेजारी उभा, म्हणतो, "काय झालं गा? पडला काय?" पडला नव्हता. काही सेकंदांनी आपणहून वर चढला आणि परत आला. ड्रोन आणि रिमोट एकमेकांशी बोलतात ते रेडिओ लहरींवर, २.४ नाहीतर ५.८ गिगाहर्ट्झच्या. पाण्यानं भरलेली काँक्रीटची टाकी म्हणजे या लहरींना भिंतीहून वाईट. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची, ५.८ ची पाच सेंटिमीटरच्या आसपास. ती एवढ्या मोठ्या वस्तूला वळसा घालून येत नाही, आणि पाणी तर तिला पिऊनच टाकतं. मे महिन्यात वळीव पडून गेल्यावर त्याचा पुन्हा प्रत्यय आला. आदल्या दिवशी ज्या आमराईच्या आडून चित्र व्यवस्थित येत होतं, तिथंच ओल्या पानांमुळं तुटायला लागलं.

एक गोष्ट कळायला मला तीन महिने लागले. चित्र थिजलं म्हणजे ड्रोन हातातून गेला असं नाही. तिकडून येणारं चित्र जड असतं, आपण पाठवतो तो हुकूम हलका. त्यामुळे आधी चित्र जातं आणि बरेचदा ड्रोन अजून आपलं ऐकत असतो. मी सुरुवातीला घाबरून रिमोटच्या काड्या वाटेल तशा हलवायचो. आता चित्र अडखळलं की पुढं ढकलणं थांबवतो आणि सरळ वर घेतो. आडोशाच्या माथ्यावर आला की चित्र परत येतं. मागं ओढायचं नंतर, कारण मागं काय आहे ते आंधळेपणी कसं कळणार?

अँटेनाबद्दल तर लाज वाटावी अशी गोष्ट आहे. रिमोटची दोन्ही टोकं मी बंदूक रोखल्यासारखी ड्रोनकडं धरायचो. लहर टोकातून निघत नाही, ती अँटेनाच्या चहूबाजूंनी कड्यासारखी पसरते आणि टोकाच्या दिशेला सगळ्यात कमी असते. चपटी बाजू ड्रोनकडं हवी. हे बेळगावातल्या एका पोरानं शिकवलं, माझ्या निम्म्या वयाच्या. आणि ड्रोनकडं पाठ करून उभं राहू नका, आपलं शरीरसुद्धा पाण्याचीच पखाल आहे.

आता मुख्य किस्सा. मार्चमध्ये लग्नाआधीच्या फोटोंचं काम होतं, मलप्रभेच्या काठी. नदीचं वळण आणि वळणामागची टेकडी, जागा सुरेख. मी उभा नदीच्या पात्रातल्या खडकावर. जोडप्यावरून उठून टेकडीला वळसा घालायचा होता. टेकडीमागं गेला आणि सिग्नल गेला. मी निवांत, म्हटलं येईल आपणहून. आला नाही. पाच मिनिटं, सात मिनिटं. नवरदेव मोबाईलमध्ये तोंड घालून बसला, मला बघवेना म्हणून असेल.

चूक माझी. सिग्नल तुटला की ड्रोन ठरवून दिलेल्या उंचीपर्यंत चढतो आणि मग सरळ रेषेत घराकडं, म्हणजे जिथून उडाला तिकडं, निघतो. ती उंची मी ३० मीटर ठेवली होती आणि लग्नाच्या कामात कधी बदलावी लागली नव्हती. पण ते ३० मीटर मोजले जातात उड्डाणाच्या जागेपासून, ड्रोनच्या खालच्या जमिनीपासून नव्हे. मी पात्रात, म्हणजे सगळ्यात खोलात. टेकडी तिथून पंचवीस मीटर, वर दहा मीटरची झाडं. माझ्या ड्रोनला फक्त खाली बघणारे सेन्सर आहेत, समोर तो आंधळा. मान खाली घालून तो थेट फांद्यांत शिरला.

ॲपच्या नकाशावर शेवटची जागा दिसत होती. टेकडी चढून हाका मारत हिंडत होतो, ड्रोनला हाका मारून काय उपयोग म्हणा. एक म्हशी राखणारा पोरगा बसला होता. तो म्हणाला, "अण्णा, तुमचं इमान जांभळीवर बसलंय की." तोच चढला, त्यानंच काढलं. एक पंखा मोडला, बाकी सगळं शाबूत. पैसे घेईना, दोन मिनिटं उडवू द्या म्हणाला. पंखा बदलून दिला उडवायला. माझ्यापेक्षा मऊ हातानं उडवला.

तेव्हापासून उड्डाणाआधी आजूबाजूचं सगळ्यात उंच झाड किंवा टॉवर बघतो आणि त्यावर वीस मीटर धरून परतीची उंची लावतो, मात्र १२० मीटरची मर्यादा सांभाळून. याला उलटा अपवाद मांडवाचा. मांडवात किंवा पुलाखाली उडवायचा असेल तर 'परत ये' ऐवजी 'जागेवर थांब' लावा. नाहीतर सिग्नल गेला की तो वर चढायला बघणार आणि छताला धडकणार.

उसाचा अनुभव वेगळा. चुलतभावाच्या फडावरून कुठं वाढ खुंटलीय ते बघायला ड्रोन नेला होता. मी बांधावर, ऊस बारा फूट, ड्रोन उसावरून जेमतेम वर. तीनशे मीटरला चित्र तुटायचं. ऊस तो काय, पानंच की, असं वाटतं. पण लहर दोरीसारखी बारीक येत नाही, मधे पखवाजासारखी फुगते. तीनशे मीटरच्या अंतराला २.४ ची लहर मधोमध तीन मीटर त्रिज्येची असते, एक किलोमीटरला साडेपाच मीटरची. म्हणजे ड्रोन नजरेला दिसत असला तरी निम्मी लहर उसात अडकलेली. मोटरखोलीच्या स्लॅबवर चढलो आणि तोच ड्रोन, तेच अंतर, चित्र लख्ख.

शहरात भानगड आडोशापेक्षा गर्दीची. घराघरातल्या वायफायनं २.४ चा पट्टा भरलेला, तिथं मी ५.८ लावतो. झाडीत आणि गावाकडं २.४ बरा. ज्यांना ही कटकट नको त्यांनी ऑटोवर ठेवावं, तेही वाईट नाही. मात्र बेळगावात उडवण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघा. सांबरा विमानतळाच्या हद्दीपासून पाच ते आठ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीशिवाय जमिनीवरून उचलायचासुद्धा नाही, आठ ते बारामध्ये २०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय चालतं. लष्कराचा भाग वेगळाच. भीमगडच्या जंगलाकडं तर विचारल्याशिवाय पेटीही उघडू नका.

तक्रार एकच, आणि ती खरी आहे. पडद्यावरच्या सिग्नलच्या काड्या थापा मारतात. चार काड्या दिसतात आणि पुढच्या क्षणी चित्र गायब. आडोसा हळूहळू येत नाही, भिंतीच्या कडेसारखा येतो, हे मान्य. पण मग त्या काड्या दाखवायच्या तरी कशाला?

पुन्हा घ्यायचा झाला तर समोर बघणारे सेन्सर असलेला घेईन, थोडे पैसे जास्त गेले तरी. तोवर हाच चालवणार. दसऱ्यानंतर चुलतभावाचा फड पुन्हा बघायचाय. मोटरखोलीला शिडी नाही, गेल्या वेळी पाइपला धरून चढलो आणि पॅन्ट फाटली. यंदा घरची शिडी नेणार.