‘ताई, आमचं मुळशीला शेत आहे’

लॅब्रॅडॉर, नर, दीड वर्षाचा, कागदांसह, फुकट. एवढं लिहिलं की दारात कोण येऊन उभं राहतं, ते सांगते.

बंड्या माझ्या भावाचा. भावाची बदली परदेशी झाली आणि आई-बाबांच्या तिसऱ्या मजल्यावर हे ३० किलोंचं वादळ आवरेना. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांसाठी गार पाण्यातून मासे नि दोर ओढून आणणाऱ्या कुत्र्यांची ही जात. गच्चीवरच्या दोन फेऱ्यांनी तिचं काय होणार? आईला त्याने जिन्यात ओढून पाडलं, मग सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला.

संध्याकाळी हा माणूस बायको आणि शाळकरी मुलीला घेऊन हजर. मुळशीला शेत आहे, मोकळा हुंदडेल म्हणाला. मुलीने बंड्याच्या गळ्यात हात टाकले, आईने तिच्या हातावर लाडू ठेवला. त्याने विचारलं काय, तर कागद आहेत का आणि नसबंदी झालीय का. नाही म्हटल्यावर, “बरं झालं ताई, उगाच मुक्या जिवाला त्रास.” बंड्या खातो काय, फटाक्यांना घाबरतो का, एकटा राहतो का, हे एका शब्दाने नाही. शेत बघायला येतो म्हटलं, तर रस्त्याचं काम चालू! केनेल क्लबचे कागद (जातिवंत असल्याचा दाखला), लसीकरणाचं पुस्तक, पट्टा, उरलेल्या खाण्याची गोणीसुद्धा घेऊन गेला.

सुरुवातीला फोटो आले, मागे ऊस वगैरे. मग एका रात्री फोन: पार्व्हो (कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) झालाय, सलाईन लावलंय, ८,००० पाठवा. बाबांनी लगेच पाठवले. सकाळी आमचे डॉक्टर ऐकून उखडलेच. पार्व्हो मुख्यतः पिल्लांना होतो, सगळ्या लसी झालेल्या मोठ्या कुत्र्याला क्वचितच. तोवर नंबर बंद.

पुढचं कळलं ते लसीच्या पुस्तकामुळे. नाशिकच्या एका गृहस्थांनी त्यावरचा शिक्का बघून आमच्या डॉक्टरांना फोन केला, रेबीजचं पुढचं इंजेक्शन कधी म्हणून. त्यांनी ‘ब्रीडर’ला, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून विकणारा म्हणवणाऱ्याला, २५,००० मोजले होते. जन्मतारखेतला महिना ब्लेडने खरवडून बंड्याला लहान केलं होतं. शिक्का मात्र जसाच्या तसा. त्याच्यावरच भाव मिळतो ना! २०१७च्या नियमांप्रमाणे ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ती या गृहस्थांनी मागितली, तेव्हा ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं उत्तर मिळालं होतं.

चौकीत पहिला प्रश्न, “तुम्हीच हौसेने दिलात ना?” लेखी काहीच नव्हतं. यूपीआयचा व्यवहार क्रमांक होता म्हणून निदान त्या ८,०००ची तक्रार १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर नोंदली गेली. खात्यात तोवर खडखडाट.

कुत्रा द्यायचाच असेल तर आधी नसबंदी करा. पैदाशीसाठी शोधणारे तिथेच गळतात. कातडीखाली बसवतात ती १५ अंकी ओळख-क्रमांकाची मायक्रोचिप स्वतःच्या नावावर नोंदवा. घर स्वतः जाऊन बघा, ओळखपत्राची प्रत आणि ‘विकणार नाही, नको असल्यास परत देईन’ असं सहीनिशी घ्या. केनेल क्लबचे कागद तर देऊच नका, ज्याला कुत्रा हवाय त्याचं त्यांच्यावाचून अडत नाही.

बंड्या नाशिकलाच राहिला, त्या घराला तो आवडलाय. आणि तो माणूस? नव्या नंबरवरून पिंपरी-चिंचवडच्या ग्रुपांवर आता बीगल शोधतोय. सोबत मुलगी नसते, म्हातारी आई असते, असं तिथल्या एका बाईंनी कळवलंय.