ईईजीचा डेटा खुला करताना: कोणती मांडणी, कोणते स्वरूप, कोणता संग्रह?

ईईजीच्या, म्हणजे डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडांनी मेंदूतील विद्युत सिग्नल टिपण्याच्या, प्रयोगातील नोंदी इतरांना उपलब्ध करून द्यायच्या, असे ठरवलेल्या संशोधकापुढे तीन निवडी उभ्या राहतात: फाइलींची मांडणी, सिग्नल साठवण्याचे फाइल-स्वरूप आणि हा सगळा डेटा ठेवण्याची जागा. या निवडी बहुधा शोधनिबंध स्वीकारला गेल्यावर घाईघाईने केल्या जातात. प्रत्यक्षात त्या पहिल्या सहभागी व्यक्तीच्या डोक्यावर इलेक्ट्रोडांची टोपी चढवण्यापूर्वी व्हायला हव्यात.

मांडणीचे दोन मार्ग आहेत. प्रयोगशाळेची स्वतःची पद्धत तशीच ठेवून सोबत एक माहितीपत्रक जोडणे हा पहिला. बॉस्टनच्या बालरुग्णालयातील अपस्माराच्या २२ रुग्णांच्या नोंदींचा सीएचबी-एमआयटी हा संग्रह त्याचे उत्तम उदाहरण आहे. झटके ओळखणाऱ्या कितीतरी पद्धती याच संग्रहावर तपासल्या गेल्या, इतके त्याचे मोल मोठे आहे. परंतु झटका कधी सुरू झाला आणि कधी संपला, हे प्रत्येक रुग्णाच्या वेगळ्या मजकूर-फाइलीत लिहिलेले आहे आणि काही नोंदींत चॅनेलांची (इलेक्ट्रोडांवरून येणाऱ्या स्वतंत्र सिग्नलांची) रचनाही मध्येच बदलते. त्यामुळे तो वापरणाऱ्या प्रत्येकाला ती माहिती वाचणारा प्रोग्रॅम आधी लिहावा लागतो आणि दोन गटांनी तो वेगळ्या रीतीने लिहिला, तर त्यांच्या निष्कर्षांची तुलनाच डळमळते.

दुसरा मार्ग बिड्स (ब्रेन इमेजिंग डेटा स्ट्रक्चर) या सामाईक मांडणीचा. ती २०१६ साली एमआरआयसाठी मांडली गेली आणि २०१९ साली ईईजीला लागू झाली. तीत घटनांच्या वेळा, चॅनेलांची नावे आणि सहभागींची माहिती ठरलेल्या नावाच्या साध्या तक्त्यांत जाते. संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत बाकीचे मोजले जातात तो) कोणता होता, सॅम्पलिंगचा वेग (सेकंदाला किती मोजमापे) किती होता आणि विजेच्या पुरवठ्याची वारंवारता किती होती, हे सांगणे बंधनकारक असते. शेवटची बाब किरकोळ वाटेल. पण भारतातील नोंदीत ५० हर्ट्झचा गोंगाट येतो आणि अमेरिकेतील नोंदीत ६० हर्ट्झचा, तेव्हा दोन्हींवर एकच फिल्टर लावणाऱ्याला हे ठाऊक असलेच पाहिजे. बिड्सने नोंद घेण्याची पद्धत मात्र एकसारखी होत नाही. एका प्रयोगशाळेने कानामागच्या हाडाचा संदर्भ घेतला आणि दुसरीने सर्व इलेक्ट्रोडांच्या सरासरीचा, तर ती तफावत उरतेच. ती लपून राहत नाही, एवढेच. माझ्या मते तेवढ्यासाठीही बिड्सच निवडावे.

सिग्नलच्या स्वरूपाची निवड अधिक सावधपणे करावी लागते. बिड्स ईडीएफ आणि ब्रेनव्हिजन या दोन स्वरूपांची शिफारस करते. ईडीएफ १९९२ पासून रूढ आहे आणि रुग्णालयांतील जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअर ते वाचते. मात्र त्यात प्रत्येक मूल्य १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांत बसवावे लागते. २४ बिटांच्या अॅम्प्लिफायरचा सुमारे ५२४ मिलिव्होल्टचा पल्ला तसाच या पायऱ्यांत विभागला, तर एक पायरी ८ मायक्रोव्होल्टची होते, आणि उद्दीपनाला मेंदूने दिलेला सरासरी प्रतिसाद अनेकदा त्याहूनही लहान असतो. आधी फिल्टर लावून पल्ला आवळता येतो, परंतु मग जे जपले जाते ते मूळ सिग्नल राहत नाही. ब्रेनव्हिजनमध्ये ३२ बिटांची दशांश मूल्ये ठेवता येत असल्याने हा प्रश्न येत नाही. त्याची अडचण वेगळी आहे: एक नोंद तीन फाइलींत विभागलेली असते आणि त्या एकमेकींना नावाने ओळखतात, म्हणून हाताने नाव बदलले की नोंद उघडत नाही. रुग्णालयातील नियमित ईईजीसाठी ईडीएफ पुरेसे आहे. संवेदनशील प्रयोगांसाठी ब्रेनव्हिजन घ्यावे. ईडीएफ निवडल्यास शीर्षभागातील रुग्णाचे नाव आणि तारीख पुसायला विसरू नये, कारण फाइलीचे नाव बदलल्याने ती जात नाहीत.

जागेबाबत ओपनन्यूरो, झेनोडो आणि फिजिओनेट हे तीन ऑनलाइन डेटा-संग्रहांचे पर्याय डोळ्यांसमोर ठेवावेत. ओपनन्यूरो बिड्सची तपासणी उत्तीर्ण झालेलाच डेटा घेते आणि तो सीसी-झिरो परवान्याखाली देते, म्हणजे वापरणाऱ्यावर श्रेय देण्याचेही कायदेशीर बंधन राहत नाही. सर्न ही युरोपीय अणुसंशोधन संस्था चालवत असलेले झेनोडो कोणतीही फाइल घेते, परवाना निवडू देते आणि प्रवेश मर्यादितही ठेवू देते. पण आत काय आहे याची तपासणी कोणी करत नाही आणि एका नोंदीची नेहमीची मर्यादा ५० जीबी आहे. फिजिओनेटवर खुल्या संग्रहांबरोबरच ओळख पटवून आणि करारावर सही करूनच मिळणारे संग्रहही असतात. निरोगी प्रौढांचा प्रयोग असेल आणि संमतीपत्रात डेटा सार्वजनिक होईल असे स्पष्ट लिहिलेले असेल, तर ओपनन्यूरो घ्यावे. रुग्ण, मुले किंवा दुर्मीळ आजार असेल, तर नियंत्रित प्रवेशाचाच विचार करावा. संमतीपत्रात ते वाक्य नसेल, तर यातला कोणताही खुला पर्याय आपोआप उपलब्ध होत नाही. सहभागींकडे पुन्हा जाऊन, त्यांना कळेल अशा भाषेत विचारून आणि नीतिसमितीची परवानगी घेऊनच पुढे जावे.